आत करून देतो

माझ्या कोटाची बाही दाराच्या कडीत अडकली आणि टर्रकन फाटली. दुसऱ्या दिवशी मुलाखत होती. कोट एकच होता आणि तोही मामेबहिणीचा.

कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेले. काउंटरमागे लाँड्रीवाले काका बसले होते. पांढऱ्या भुवया, कानावर पेन. त्यांनी फाटलेली जागा पाहिली, चिठ्ठीवर एक शब्द लिहिला आणि चिठ्ठी कोटाला टाचली.

"आत करून देतो. सकाळी न्या."

चिठ्ठीवर एवढंच होतं : आत.

सकाळी कोट मिळाला. मी बाही उजेडात धरली. उलटी केली, सुलटी केली. फाटलं होतं ती जागाच सापडेना. आधी वाटलं, काकांनी बाही बदलली. मग वाटलं, मुळात फाटलंच नव्हतं, मीच घाबरून काहीतरी पाहिलं.

"काका, हे कुणी केलं?"

"आत केलं."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत," काका म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मुलाखत झाली. साहित्यात एम. ए. करून तुम्ही आमच्या कंपनीत नक्की काय करणार, असं त्यांनी विचारलं. मला एकच सुचलं, त्यांना ती बाही दाखवावी. पण दाखवण्यासारखं तिथं काही नव्हतं. नोकरी मिळाली नाही.

परत येताना मी लाँड्रीच्या मागच्या बोळात शिरले. मला 'आत' पाहायचं होतं.

बोळात एकच दार उघडं होतं. पाटी नव्हती. आत एक खोली, एक खिडकी आणि खिडकीला चिकटून टेबल. टेबलावर जेमतेम दिसणाऱ्या सुयांची डबी, चिमटा, भिंग आणि एक गेलेला विजेचा बल्ब. बल्बवर करड्या रंगाचा स्वेटर ताणून बसवलेला होता. त्यावर एक बाई वाकली होती. पन्नाशी ओलांडलेली, केस मागे घट्ट बांधलेले.

तिनं मान वर केली नाही. "उजेडात उभी राहू नकोस. बाजूला हो."

मी बाजूला झाले. "माझा कोट तुम्ही..."

"करडा. डावी बाही. लोखंडी कडी लागलीये. कडेला गंज होता." तिनं सुई ओढली. "मुलाखत कशी झाली?"

"मुलाखत होती हे तुम्हाला कसं कळलं?"

"खिशात कागद होता. प्रश्न आणि उत्तरं. उत्तरं बरी होती. पाचवं फार लांबलंय."

मी तिथंच स्टुलावर बसले. त्यानंतर रोज जाऊन बसू लागले. नोकरी नव्हतीच.

मी तिला मावशी म्हणू लागले. बाकी तिला हाक मारणारा एकच माणूस होता, लाँड्रीवाले काका. ते मधल्या दारातून कपडे आत सरकवायचे आणि ओरडायचे, "आतल्या बाई, चार आले!" ती ओरडायची, "ठेवा!" एकतीस वर्षं हाच संवाद चालला होता. तिचा नवरा लवकर गेला. वडील गालिचे दुरुस्त करायचे, त्यांच्याकडून हे काम शिकलेली. काकांनी मागची खोली दिली आणि काम दिलं. पुढच्या काउंटरवर ती कधी गेली नाही. गिऱ्हाइकांना ती माहीत नव्हती. आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी मला ठामपणे सांगितलं होतं, "त्यांच्याकडे मशीन आहे गं. बाहेरून मागवलेलं."

मशीनचं सांगितलं तेव्हा ती खूप हसली.

काम कसं चालतं ते मी पाहत राहिले. कपड्याच्या आतल्या शिवणीत थोडं जास्तीचं कापड दुमडलेलं असतं. तिथून ती त्याच कापडाचे धागे एकेक करून उपसायची. मग भोकावर आधी उभे धागे घालायचे, नंतर आडवे, एक वर, एक खाली. मूळ विणीत जसं असेल तसं. एका नखाएवढ्या भोकाला दोन तास. कामाला रफू म्हटलेलं तिला चालायचं, पण ती स्वतः म्हणायची, "भरलं." भोक भरलं. बस्स.

आणि भरताना ती विचार करायची. कपडे कुणाचे, याचा. तिनं कुणालाच पाहिलं नव्हतं. तिच्याकडे फक्त भोकं यायची.

"हा बघ. याचं उजवंच कोपर झिजतं. लिहितो, की टेकून झोपतो?"

"लिहीत असेल."

"शाई कुठंय मग? झोपतच असेल मेला."

एका काळ्या कोटानं तिला फार छळलं होतं. तो वर्षाआड नुसता इस्त्रीला यायचा, पण काका खिसे तपासून, मालकाला न सांगताच, आत सरकवायचे. दर वेळी डाव्या खिशाच्या तळाला एक बारीक भोक. सुईपेक्षा जाड, खिळ्यापेक्षा बारीक. "काहीतरी टोकदार ठेवतो," ती म्हणायची. "दात कोरायची काडी नव्हे. काडीनं एवढं होत नाही. काय असेल गं?"

मी दहा गोष्टी सुचवल्या. तिनं दहाही खोडून काढल्या.

मग एक दिवस काका मधल्या दारातून कपडे सरकवून गेले नाहीत. उंबऱ्यावरच उभे राहिले. गुडघे साथ देत नव्हते. मुलगा दूर होता, त्याला इस्त्रीत रस नव्हता. या महिन्याच्या शेवटी दुकान बंद. जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यानं घेतली होती. मागची खोली मात्र काकांनी विकली नव्हती.

"तुम्ही राहा हो इथं," ते म्हणाले. "खोली तुमचीच आहे."

"खोलीत बसून काय करू? भिंती भरू?"



कोपऱ्यात ढीग होता. मी मोजला. एकोणीस कपडे. ते संपले की तिच्याकडे काम येणार नव्हतं. काम पुढून यायचं आणि पुढचं दार बंद होणार होतं.

तिच्या ताईचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. ताई दुसऱ्या गावी राहायची. फोन कानापासून लांब धरला तरी ताई ऐकू यायची. "इकडे ये! कारखान्यात ओळख आहे माझी. तयार कपड्यांचे लोंबणारे धागे कापायचे. बसून काम!"

मावशीनं फोन ठेवला आणि चिमटा उचलला. "एकतीस वर्षं धागे आत घातले. आता बाहेरचे कापू."

ती हे हसत म्हणाली. पण त्या दिवशी तिनं एकही धागा ओवला नाही.

मी म्हटलं, "मावशी, आपण पेज काढू."

"कशाचं पान?"

"पान नाही, पेज. फोनवर. लोकांना कळायला हवं की तुम्ही आहात."

"आणि कळलं की?"

"येतील."

"इतकं सोपं असतं तर सगळेच आले नसते का कुणाकडे ना कुणाकडे?"

मला ते वाक्य अजून नीट कळलेलं नाही. पण मी पेज काढलं.

नावावरून पहिला दिवस गेला. मी एक यादी केली होती. 'अदृश्य', 'धागा', 'वस्त्रवेदना'. ती प्रत्येक नावाला एकदा सुई टोचायची.

"वेदना कुणाला? कापडाला?"

"ते प्रतीक आहे."

"असू दे. पण गिऱ्हाईक दवाखाना समजेल."

शेवटी तिनंच सांगितलं. "काका म्हणतात तेच लिही. आतल्या बाई. उगाच नवीन नाव आलं तर मलाच सवय नाही, हाक मारली तरी मी वळणार नाही."

पहिल्या पोस्टमध्ये मी तिच्या हातांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'काळाने विरलेल्या वस्त्रांतून मौनाचे धागे गुंफणारे हे हात.' अकरा लाईक आले. नऊ माझ्या वर्गातल्यांचे होते. एकानं कॉमेंटमध्ये 'गुंफणे' आणि 'विणणे' यांतला फरक सांगितला. एका बाईंनी विचारलं, हाताला कोणतं क्रीम लावता.

मावशीनं पोस्ट दोनदा वाचली. "छान आहे. पण यात रफू कुठंय?"

तिचं बरोबर होतं. मी मुद्द्यावर आले. सिगारेटनं जळलेली एक पँट होती. आधीचा फोटो काढला, भोकासकट. तीन तासांनी नंतरचा काढला. दोन्ही शेजारी टाकले. आता तर कुणी बोलूच शकणार नाही, असं मला वाटलं.

लोक बोलले.

'ही दुसरी पँट आहे.' 'आधीच्या फोटोत भोक एडिट करून टाकलंय.' 'शाईचा ठिपका काढलाय फक्त. आम्हाला काय वेडे समजता?'

मी व्हिडिओ केला. दोन तासांचं काम एका मिनिटात पळवलं. तिची बोटं मुंग्यांसारखी दिसली. सुई दिसलीच नाही. धागा तर नाहीच. सतरा जणांनी पाहिला. एकानं लिहिलं, 'या काय करत आहेत?'

मी हात टेकले. तिच्या कामाची अडचण तेव्हा मला पहिल्यांदा कळली. वाईट केलं असतं तर ते दाखवता आलं असतं. चांगलं केलं की दाखवायला काही उरत नव्हतं. शिंपी सदरा दाखवतो. सुतार खुर्ची दाखवतो. ही काय दाखवणार? 'नाही' दाखवणार?

ढिगात तेव्हा नऊ कपडे राहिले होते.

त्या दुपारी मी तिच्या टेबलाकडे नुसती बघत बसले होते. डोकं चालत नव्हतं म्हणून डोळे चालत होते. तपकिरी पँट होती. ती तपकिरी धाग्यानं भरून झाली. तिनं सुई खाली ठेवली. मग डबीच्या झाकणात खोचलेली दुसरी सुई उचलली. त्या सुईत निळा धागा होता. पँट उलटी करून तिनं आतल्या कडेला एक टाका घातला. तांदळाएवढा. दात लावून धागा तोडला आणि पँट घडी करून ठेवली.

मी आठवू लागले. ती निळी सुई रोज तिथं असायची. स्वेटर असो, कोट असो.

"मावशी, हे काय?"

"काय?"

"निळं."

"ते होय. ती माझी खूण."

सुरुवातीच्या दिवसांत एक कोट उसवून परत आला होता. काका चिडले. तिला वाटलं, हा रफू माझा नव्हे, पण सांगणार कशी? तिच्या कामात आणि कापडात फरक नव्हता, त्यामुळे तिलाच तिचं काम ओळखता येईना. तेव्हापासून निळा टाका. नेहमी उलट्या बाजूला. कोट असेल तर अस्तराच्या खालच्या कडेला, जिथं ती अस्तर उसवून परत शिवायची तिथं.

"चूक माझी असेल तर माझी असू दे," ती म्हणाली. "दुसऱ्याची गळ्यात नको."

"सगळ्या कपड्यांना घातलाय?"

"सगळ्या."

"एकतीस वर्षं?"

"पहिलं वर्ष सोडून."

मी घरी पळाले. कपाट उघडलं. मामेबहिणीचा कोट काढला, अस्तराची खालची कड उलटी केली. निळा टाका होता.

मी खाटेवर बसले. या गावात किती कपाटं असतील, याचा विचार करत राहिले. जे मी फोनवरून उभं करायला निघाले होते ते या बाईनं सुईनं आधीच घरोघरी नेऊन ठेवलं होतं. फक्त कुणी कपडे उलटे केले नव्हते.

मी पोस्ट लिहिली. प्रतीक नाही, वेदना नाही.

'कोपऱ्यावरच्या लाँड्रीत तुम्ही कधी कपडे दिले आहेत का? ते उलटे करून पाहा. आतल्या कडेला निळा टाका दिसला तर तिथं कधीतरी भोक होतं. ते आतल्या बाईंनी भरलं. टाका सापडला तर फोटो टाका. भोक सापडलं तरी टाका.'

मावशीला विचारलं नाही. विचारायचं सुचलंही नाही. मला वाटलं, मी तिला भेट देते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन हातात धरवत नव्हता. इतका वाजत होता. लोकांनी कपाटं पालथी घातली होती. उलट्या पँटी, उलटे स्वेटर, उलटे कोट. प्रत्येक फोटोत एक निळा ठिपका आणि त्याकडे दाखवणारं एक बोट. एका बसचालकानं गणवेशाचा फोटो टाकला : 'तीन टाके! मला एकच भोक आठवतंय.' एका मुलीनं लिहिलं, 'हा बाबांचा कोट. बाबा नाहीत आता. आईला माहीत नव्हतं की तो कधी फाटला होता. बाबांनी लपवलं होतं.' खाली तिच्या आईनं हसणारा चेहरा टाकला होता, आणि मग रडणारा. भोक मात्र कुणालाच सापडलं नव्हतं. लोक भिंग घेऊन बसले होते. पैजा लागल्या होत्या.

मी फोन घेऊन मावशीकडे धावले. ती एकेक फोटो पाहू लागली. भिंग लावून.

"हा चौकडीचा! याला वाळवी लागली होती. अजून घालतो? आणि हा बघ, हा झोपाळू. कोपर पाठव म्हणावं." तिचे कान लाल झाले होते. "अगं, ही माणसं आहेत."

मी खाली सरकवत होते. तेवढ्यात ती कॉमेंट आली.

'निळा टाका सापडला. पण हा कोट मी फक्त इस्त्रीला दिला होता. तो कधीही फाटला नव्हता.'

खाली काळ्या कोटाचा फोटो होता.

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "विसरले असतील."

मावशीनं भिंग खाली ठेवलं. मी आणखी खाली सरकवलं. 'माझीही पँट फक्त इस्त्रीला होती.' 'माझा शर्टसुद्धा! हे काय प्रकरण आहे?' दुपारपर्यंत असे सात जण झाले.

"काढून टाक," मावशी म्हणाली.

"का?"

"काढ म्हटलं ना!"

तिनं मला कधी असं म्हटलं नव्हतं. मी पोस्ट काढली. मग तिनं सांगितलं. इस्त्री कधीकधी कपडा भाजते. एकतीस वर्षांत किती वेळा? थोड्याच. काका तो कपडा कुणाला न दाखवता आत आणायचे. चिठ्ठी नसायची. नुसते उभे राहायचे. ती म्हणायची, "ठेवा." गिऱ्हाइकाला कपडा इस्त्री करून मिळायचा. बोलायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं. ते ठरलेलंच होतं.

"मग त्यांना तरी निळा टाका कशाला घातला?"

"काम माझंच होतं ना?"

तिला दुसरं काही सुचलंच नव्हतं. लपवायच्या कामावरही तिनं तीस वर्षं सही केली होती.

"शेवटचे चार दिवस आहेत त्यांचे," ती म्हणाली. "माणूस ताठ मानेनं शटर ओढणार होता. पोरी, काय करून बसलीस?"

पोस्ट काढली होती, पण लोकांनी ती आधीच इकडून तिकडे पाठवली होती. ती आता माझी राहिली नव्हती.

तिसऱ्या प्रहरी काउंटरवर आवाज चढले. मधल्या दारातून ऐकू येत होतं. मावशीनं बल्ब खाली ठेवला. उठली. मधलं दार उघडलं आणि पुढे गेली. मीही मागोमाग गेले. एकतीस वर्षांत ती पहिल्यांदा त्या बाजूला उभी होती. काउंटर तिला उंच पडत होता.

समोर पंधरा-वीस माणसं होती. बऱ्याच जणांच्या हातात उलटे कपडे. सर्वांत पुढे एक निवृत्त मुख्याध्यापक. उंच, कोरडे, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी काळा कोट काउंटरवर पसरला होता.

"माझा प्रश्न साधा आहे," ते काकांना म्हणत होते. "हा फाटला नव्हता. मग शिवला का?"

काका कोटाकडे पाहत होते. कानावरचं पेन खाली पडलं होतं. ते कुणी उचललं नव्हतं.

"मी सांगते," मावशी म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "माझ्या हातून कात्री लागली. चुकून. यांना माहीत नाही."

"गप बसा हो," काका म्हणाले. "तुम्ही कधी दुसऱ्याच्या कोटाला कात्री लावलीत?" मग ते मुख्याध्यापकांकडे वळले. "इस्त्री माझी. फोन आला होता. नातू झाल्याचा. मी इस्त्री तशीच ठेवून फोन घेतला. एवढंच. तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

मागून एक जण म्हणाला, "आणि माझ्या पँटीच्या वेळी?"

"तुमच्या वेळी क्रिकेट होतं," काका म्हणाले.

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. मुख्याध्यापक हसले नाहीत.

"कुठे?" ते म्हणाले.

"काय कुठे?"

"भाजलं कुठे? मी कालपासून शोधतोय. घरातले सगळे शोधतायत. माझी सून डोळ्यांची डॉक्टर आहे, तिलाही सापडत नाही."

सगळी माणसं काउंटरवर वाकली. मावशीनं कोट सुलटा केला. हात फिरवला. मग मुख्याध्यापकांचं बोट धरलं आणि पाठीवर, उजव्या खांद्याखाली टेकवलं.

"इथं. इस्त्रीच्या टोकाएवढं. अंगठ्याहून थोडं जास्त."

त्यांनी चष्मा वर केला. बोट पुढे-मागे केलं. "इथं काही नाही."

"तेच तर," मावशी म्हणाली.

ते बराच वेळ पाहत राहिले. मग कोट उचलायला गेले तेव्हा मावशीनं तो सोडला नाही. तिनं डावा खिसा उलटा करून तळ पाहिला होता.

"सर, एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही डाव्या खिशात काय ठेवता?"

ती हे त्या क्षणी विचारेल, असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. त्यांनाही नसावं. त्यांनी गोंधळून अंगातल्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि भूमितीचा एक लोखंडी कंपास काढला. एक टोक अणकुचीदार, दुसऱ्यात पेन्सिलीचा तुकडा.

"शिकवायचो," ते म्हणाले. "आता काढायला वर्तुळ नाही. पण हा नसला की खिसा हलका लागतो."

"कंपास!" मावशी माझ्याकडे वळून म्हणाली. लहान मुलीसारखी. "कंपास होता गं! तू काय काय सांगत होतीस!"

तेव्हा मुख्याध्यापक हसले. मग बाकीचेही. ते काकांना म्हणाले, "तेव्हाच सांगितलं असतंत तर मी हा कोट टाकून दिला असता. आणि हा घालून मी निरोपाचं भाषण केलं. पाठ लोकांकडे करून फळ्यावर वर्तुळसुद्धा काढलं." थोडं थांबून म्हणाले, "तरी चूक ती चूकच."

"चूकच," काका म्हणाले. त्यांनी चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं. पेन सापडेना. मुख्याध्यापकांनी खाली वाकून ते उचलून दिलं. काकांनी उभ्याउभ्या लिहिलं आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. "तुझ्या त्या पेजवर टाक. तू काही जोडू नकोस."

मी फोटो काढला आणि टाकला. एक अक्षर जोडलं नाही.

'ज्यांनी कपडे फक्त इस्त्रीला दिले आणि आत निळा टाका सापडला, त्या सर्वांची माफी. भाजले मी. भरले बाईंनी. त्या मागच्या बोळात बसतात.'

एवढी मोठी जाहिरात मी आजवर वाचलेली नाही. ती किती जणांनी पाहिली ते मी मोजणं सोडून दिलं.

चार दिवसांनी काकांनी शटर ओढलं. पंधरा-वीस माणसं उभी होती. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी मात्र काकांना एका बाजूनं धरून पायऱ्या उतरवल्या.

बोळातल्या दाराला आता पाटी आहे. पत्र्याचा तुकडा, त्यावर काकांच्या अक्षरात एकच शब्द : आत. बाण नाही, नाव नाही. लोक क्षणभर गोंधळतात आणि आत येतात. काहींना भरायला काहीच नसतं. ते कपडे उलटे करून दाखवतात, टाके मोजतात आणि बसतात. झोपाळू आला होता. तो झोपत नाही. तो रात्रपाळीला फाटकावर असतो, आणि टेकतो. मावशीला ते पटलेलं नाही.

परवा कॉलेजमधली एक मुलगी स्वेटर घेऊन आली. म्हणाली, "निळा टाका वर घाला ना. दिसेल असा."

मावशीची सुई थांबली. "वर?"

"सगळ्यांना कळू दे की तुमच्याकडून करून घेतलंय."

मावशी त्या मुलीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. उत्तर मी द्यायचं, असं तिला वाटत होतं. मी सुयांची डबी नीट लावू लागले. तिनं स्वेटर घेऊन टेबलाच्या एका टोकाला ठेवला. तो अजून तिथंच आहे. ती मधूनमधून त्याच्याकडे पाहते.

काल ताईचा फोन आला. मला खिडकीपर्यंत ऐकू आला. "कारखान्यात विचारतायत! कधी येतेस?"

मावशीनं कोपऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. ढीग खिडकीच्या खालच्या चौकटीला लागला होता. थोडा उजेड अडत होता.

"ताई," ती म्हणाली, "नंतर बोलू. सुईत धागा आहे."

मग मला म्हणाली, "तो ढीग जरा बाजूला सरकव. उजेडात येतोय."